हलकी काडतुसं

मी बायकोशी सोळा महिने खोटं वागलो, पण काडतुसांच्या डब्यावरच्या पट्टीवर एकदाही खोटं लिहिलं नाही. घरी काडतुसं भरणारा माणूस असाच असतो. तो पाद्र्याला गंडवील, टॅक्सवाल्याला गंडवील, पण काडतुसात बंदुकीची दारू किती घातली ते डब्यावर चुकीचं लिहिणार नाही. तिथे चूक झाली तर कुणाची तरी बोटं जातात. माझ्या प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर तारीख, गोळीचं वजन, दारूचं माप. डबा रिकामा झाला की तो पुन्हा भरायचा, आणि माप बदललं तर जुन्या पट्टीवर नवी चिकटवायची. जुनी खरवडत कोण बसतो.

मी लेलंड क्रेमर. चाळीस वर्षं व्हॉल्व्हच्या कारखान्यात लेथवर काढली. माझी बायको रोवेना एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आणि आमच्या हॅरो क्रीक गावात चाळिशीच्या आतला जो कुणी आहे त्याने तिचा ओरडा खाल्लेला आहे. नेमबाजीच्या क्लबात तिला मीच नेलं, बारा वर्षांपूर्वी, तिची इच्छा नसताना. दुसऱ्या वर्षी ती मला हरवायला लागली. तिसऱ्या वर्षी मी माझी बंदूक कपाटात ठेवून दिली. तेव्हापासून ती नेम मारते आणि मी दारूगोळा खातं सांभाळतो.

तिची बंदूक म्हणजे पिस्तुलाची काडतुसं खाणारी आखूड कार्बाइन. नवख्याला वाटतं, एवढीशी गोळी, हिचा धक्का तो काय असणार. पण या जातीच्या बंदुकीत गोळी सुटते तेव्हा मागचं दार कडी लावून बंद नसतं. एक लोखंडी ठोकळा आणि एक स्प्रिंग, एवढेच ते रेटून धरतात. गोळी पुढे गेली की ठोकळा मागे धावतो, तळाला आपटतो आणि परत पुढे येऊन आपटतो. एका गोळीमागे खांद्याला दोन दणके बसतात आणि नेमाच्या काचेतला लाल ठिपका टुणकन उडतो. तो दाबून ठेवायचं काम डाव्या हाताचं. हात लांब करायचा, बंदुकीचा पुढचा भाग मुठीत आवळायचा आणि अंगाकडे ओढून धरायचा. बसचं एवढं मोठं चाक एकतीस वर्षं फिरवलेला रोवेनाचा डावा हात असा होता की ठिपका जागचा हलत नसे.

तिची आई पक्षाघाताने नऊ वर्षं पुढच्या खोलीत खाटेवर पडून होती. तिचं सगळं रोवेनाने केलं. ती जगात कशाला भीत नाही, पण त्या खाटेला भ्यायची. म्हणून तिने स्वतःची एक परीक्षा ठरवली होती. दर रविवारी चर्चहून आलं की क्लबात जायचं आणि लोखंडाच्या पाच पाट्या पाडायच्या. चार सेकंदांच्या आत पाचही पडल्या तर ती ठणठणीत. आमची मुलगी मार्ली पिट्सबर्गहून फोन करायची आणि तब्येतीचं विचारायची. तेव्हा रोवेना रक्तदाब वगैरे काही सांगत नसे, ती सेकंद सांगायची.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एका रविवारी पाट्या पाडून झाल्यावर ती कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आली. बंदूक लाथा मारायला लागलीय, स्प्रिंग बघ म्हणाली. घरी आल्यावर मी बंदूक उघडली. स्प्रिंग धडधाकट होती. ठोकळ्याचं वजन होतं तेवढंच होतं. काडतुसंही तीच, आठ वर्षं जी भरत होतो ती. मागच्या अंगणात जाऊन मी स्वतः दहा झाडली. बंदुकीत काही बदललं नव्हतं.

मी मशीनचा माणूस आहे. यंत्रात बिघाड नसेल तर तो कुठे आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आठवडाभर आधी तिने लोणच्याची बरणी माझ्यासमोर ठेवली होती आणि झाकण फार घट्ट लावतोस म्हणून मलाच झापलं होतं. मी गॅरेजमधून आत आलो आणि सांगितलं, हो, स्प्रिंग गेली होती, नवी घातली. त्या रात्रीच्या जेवणाला ती खुशीत होती. पुढच्या डब्यात मी दारू थोडी कमी घातली. पट्टीवर तारीख टाकली, १४ जून.

पुढच्या रविवारी तीन सेकंद आणि वर थोडं. "आता कशी माणसात आली," ती बंदुकीला थोपटत म्हणाली.

आमच्या खेळात गोळीचं वजन आणि वेग यांच्या गुणाकारातून एक आकडा काढतात. मोठ्या मॅचमध्ये तो एकशे पंचवीसच्या खाली चालत नाही, म्हणजे सगळ्यांनी निदान तेवढा धक्का तरी सोसावा. रोवेनाची काडतुसं कायम एकशे पस्तीसची. ती मी एकशे तीसवर आणली. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा कुरकुरली तेव्हा एकशे चोवीसवर. जानेवारीत एकशे अठरा. क्लबात कुणी मोजत नाही, क्लब विश्वासावर चालतो. पण इतकं हलकं काडतूस जड ठोकळ्याला मागे ढकलू शकत नाही, बंदूक अडते. म्हणून ठोकळ्यामागची वजनं मी एकेक करून काढली आणि स्प्रिंगही मऊ घातली. आता ती बंदूक फक्त माझ्याच काडतुसांची राहिली होती. दुकानातलं काडतूस तिच्यात घातलं असतं तर मागचं दार वेळेआधी उघडलं असतं, आणि तिचा गाल तिथून चार इंचांवर असतो.

ईस्टरच्या मॅचला नेमकं तेच व्हायची वेळ आली. रोवेनाची काडतुसं संपली आणि आमच्या क्लबातल्या व्हर्जिलने आपला डबा पुढे केला. तो भला माणूस आहे, कुणालाही काहीही देतो. तिने दोन काडतुसं उचलली आणि मी तिच्या हातातून हिसकावून घेतली, सगळ्यांदेखत.

"काय झालं रे तुला?" ती म्हणाली. "विष घातलंय का त्यात?"

दुसऱ्याचं भरलेलं काडतूस मी तुझ्या बंदुकीत जाऊ देणार नाही, असं काहीतरी मी बडबडलो. व्हर्जिलचा चेहरा पडला. त्याला वाटलं मी त्याच्या कामावर शंका घेतली. मी तसंच वाटू दिलं. त्या दिवशी बायकांमध्ये रोवेना पहिली आली, क्लबातलीच डोरीन दुसरी, आणि बक्षिसाचं हॅम, म्हणजे डुकराची धुरावलेली मांडी, आमच्या घरी आलं. मला त्याचा घास गिळवला नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

एव्हाना तिच्या हातून कप पडायला लागले होते. ब्लाउजची बटणं लावायला वेळ लागायचा, मग तिने बटणांचे ब्लाउज घालणंच सोडलं. मार्ली फोनवर म्हणाली, आई, एकदा डॉक्टरला दाखव. "तीन पॉइंट सहा," रोवेना म्हणाली, "तुझ्या डॉक्टरला विचार, त्याला जमतं का." आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी तिला सांभाळतोय अशी मी माझी समजूत घालत होतो. खरं सांगायचं तर त्या खाटेला मीही भ्यायलो होतो. आपण तोंड उघडलं की खाट घरात येईल, आणि दारू चिमूटभर कमी केली की पुढचा रविवार नीट जाईल, एवढंच माझं शहाणपण होतं. रविवारमागून रविवार मी विकत घेत गेलो. एप्रिलमध्ये एकशे बारा. जुलैत एकशे पाच. त्याच्याखाली गोळी नळीतून धड बाहेर पडेल की नाही याची शंका.

आणि मग ऑक्टोबरची राज्याची मॅच आली. तिथे गोळीचा वेग मोजायचं यंत्र असतं. हलकी काडतुसं न्यावीत तर यंत्र पकडणार, जड न्यावीत तर तिचा हात पकडणार. मी मधला मार्ग काढला. ऑगस्टच्या एका दुपारी अंगणात माझं यंत्र लावलं, घाम पुसत पुसत माप जुळवलं आणि बरोबर एकशे सत्तावीसवर आणून ठेवलं. नियमाच्या दोनच घरं वर. मॅचला निघायच्या आदल्या रात्री ठोकळ्यामागची वजनं परत घातली. आमच्या घरात एक रिवाज आहे, मॅचचा डबा मॅचच्या दिवशीच उघडायचा. त्यामुळे आधी काही कळण्याचा प्रश्न नव्हता. मॅचच्या दिवशी ती जिद्दीवर निभावून नेईल असं मी धरून चाललो होतो.

आदल्या दिवशी आम्ही दोन तास गाडी चालवून तिथल्या मोटेलात उतरलो. डबा पिकअपच्या मागच्या भागात राहिला. सकाळी काचेवरचं दव गोठून पांढरं झालं होतं. चाळीस वर्षं हत्यारं वापरलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं की ऑगस्टच्या उन्हात मोजलेली दारू ऑक्टोबरच्या गारठ्यात तशीच जळत नाही. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. माझं सगळं डोकं तिच्या डाव्या हातावर होतं.

पहिल्याच फेरीत ठिपका तिच्या ताब्यात राहिला नाही. मी मागे दोरीपाशी उभा होतो आणि मला तिचा डावा कोपर खाली पडताना दिसला. पाटी चुकली, परत चुकली. बंदूक खाली ठेवून ती आली तेव्हा ओठ आवळलेले होते. परत ती स्प्रिंग गेली का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, बघतो. कॉफी ओतून दिली. तिने कप दोन्ही हातांनी धरला.

तिसऱ्या फेरीनंतर वेग मोजायच्या टेबलावर बोलावणं आलं. टेबलावर व्हर्जिल होता, त्या दिवशी त्याने ते काम अंगावर घेतलं होतं. सकाळीच पंचांनी रोवेनाच्या डब्यातून आठ काडतुसं उचलून पिशवीत बंद केली होती. व्हर्जिलने तिच्याच बंदुकीतून तीन झाडली, कागदाकडे बघितलं, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, मग आणखी तीन झाडली. एका काडतुसातली गोळी उपसून तोलली. मग मान खाली घालून म्हणाला की आकडा एकशे एकवीस येतोय, रोवेना, तू हवं तर खेळ, पण निकालात तुझं नाव धरता येणार नाही.

रोवेना हसली. मनापासून हसली. "तुझं यंत्र कुठल्या भंगारातून आणलंस? ही लेलंडने भरलेली आहेत. हा माणूस चहात साखर घालतानाही तोलायचा काटा वापरतो."

रांगेतले लोकही हसले. व्हर्जिलने माझ्याकडे बघितलं. मला पळवाट होती, आणि ती खरीही होती. मी म्हणालो, थंडी. रात्रभर डबा बाहेर राहिला.

"थंडीने पाच-सहा उतरतील," व्हर्जिल म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं, तो बिचारा माझीच बाजू घेऊ बघत होता. "पण तू तर एकशे पस्तीसने भरतोस ना? चौदा उतरायला अलास्कात जावं लागेल."

रोवेनाचं हसू जागच्या जागी राहिलं. ती माझ्याकडे वळली. बसमध्ये मागच्या बाकावर काहीतरी चाललंय हे तिला आरशात न बघता कळायचं, तशी.

"किती भरली होतीस?"

"एकशे सत्तावीस."

"आणि क्लबातली?"

तिने तोच प्रश्न आणखी हळू आवाजात विचारला.

"एकशे पाच," मी म्हणालो.

रोवेनाने डाव्या हाताची मूठ वळून बघितली, उघडली, परत वळली. ती पुरती वळत नव्हती. तिने ते पहिल्यांदाच नीट बघितलं असं मला वाटलं. मग तिने बंदूक पेटीत ठेवली, पेटी उजव्या हाताने उचलली आणि गाडीकडे चालू लागली.

परतीच्या दोन तासांत ती एकच वाक्य बोलली, कधीपासून. मी म्हणालो, डब्यावर आहे. घरी पोचल्यावर ती कोट न काढता गॅरेजमध्ये गेली. रोजच्या सरावाचा निळा डबा फळीवरून काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पट्ट्या सोलायला लागली. वरची जुलैची. तिच्याखाली एप्रिलची. त्याखाली जानेवारी, सप्टेंबर, जून. डावं नख लागत नव्हतं, म्हणून दातांनी कडा धरून उचलत होती. मी मदत करायला हात पुढे केला. तिने नुसतं बघितलं आणि मी हात मागे घेतला.

"हे सगळं माझ्या नाकासमोर होतं," ती म्हणाली. "मी कधी वाचलं नाही, कारण तू लिहिलेलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली, एक हॅम घेतलं आणि ईस्टरला दुसरी आलेल्या डोरीनच्या दारात नेऊन दिलं. काय बोलली ते मला माहीत नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली की मला आयुष्यात कुणी लबाड म्हणालेलं नव्हतं, आजही डोरीन म्हणाली नाही, आणि तेच जास्त लागलं.

पिट्सबर्गला मार्लीने वेळ घेऊन ठेवली. डॉक्टर साबो नावाची तरुण बाई, बोलणं मोजकं. तिने मानेचे फोटो दाखवले. मानेतून खाली जाणाऱ्या मज्जारज्जूला दोन मणके दाबत होते. ऑपरेशनने दाब निघेल आणि पुढची घसरण बहुतेक थांबेल. पण जे गेलं ते किती परत येईल हे तो दाब किती दिवस होता यावर आहे. त्रास साधारण कधी सुरू झाला, तिने विचारलं. काही आठवतंय का?

रोवेनाने पर्समधून घडी केलेली कागदी पिशवी काढली. तिच्यावर पट्ट्या ओळीने चिकटवल्या होत्या. तिने प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून आकडा म्हणजे काय आणि तो का उतरवावा लागला ते डॉक्टरला सांगितलं. हवामान सांगावं तितक्या शांतपणे सांगितलं. डॉक्टरने पिशवी हातात घेऊन सगळ्या तारखा वाचल्या. म्हणाली, हाताची ताकद कशी उतरत गेली हे इतकं तारीखवार माझ्याकडे आजवर कुणी आणलेलं नाही. कुणी लिहून ठेवलं?

"माझ्या नवऱ्याने."

"मग गेल्या वर्षीच का नाही आलात?" तिच्या आवाजात दोष नव्हता, ती खरंच विचारत होती.

मी माझ्या टोपीकडे बघत होतो. रोवेनाने पिशवीची घडी घातली.

"मला बरं वाटत होतं," ती म्हणाली. "तशी सोय केलेली होती."

ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सगळा गाव हरणांच्या शिकारीला गेला तेव्हा ती मानेला पट्टा लावून खिडकीत बसली होती आणि मी तिला सूप भरवत होतो. चमचा तिने दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. उजव्या हाताचं सगळं परत आलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून वळत नाहीत, आणि डॉक्टरने सांगितलं, वळतील याची आशा धरू नका. पुढच्या खोलीत खाट आली नाही. रोवेना त्या पहिल्या जूनमध्येच डॉक्टरकडे गेली असती तर ती दोन बोटंही राहिली असती. हे मला कुणी म्हणालेलं नाही. मार्लीही नाही. रोवेना तर नाहीच.

मार्चमध्ये एका रविवारी चर्चहून येताना ती म्हणाली, एकशे पस्तीसची भर. मी म्हणालो, अजून थोडे दिवस, मान... ती म्हणाली, डॉक्टरला विचारलंय मी, तुला नाही विचारलं. मी भरली. वजनं सगळी परत घातली, जुनी ताठ स्प्रिंग घातली, पट्टी लिहिली.

क्लबात आमच्याशिवाय व्हर्जिल होता. पहिल्या गोळीला ठिपका पाटीवरून आभाळात गेला. तिने बंदूक परत खाली आणली, आवळली, झाडली. मधे थांबली, श्वास घेतला, परत झाडली. पाचपैकी तीन पडल्या. व्हर्जिलने घड्याळ बघितलं आणि मला दाखवलं, तिला नाही. सवय कशी लागते बघा. तिने येऊन त्याच्या हातातून ते घेतलं.

"अकरा पॉइंट दोन," तिने मोठ्याने वाचलं. खांदा चोळत माझ्याकडे बघितलं. "लिही."

मी पट्टीवर लिहिलं. ती म्हणाली नाही की मी तुला माफ केलं, आणि मी विचारलं नाही. गाडीत तिने बटाट्याचं सारण भरलेल्या पायरोगी आणायला सांगितल्या, दुपारच्या जेवणाला. जेवताना बरं बोलली.

आता दर शनिवारी मी डबा भरून फळीवर ठेवतो. रविवारी निघायच्या आधी रोवेना गॅरेजमध्ये येते, चष्मा लावून पट्टी वाचते. मग डब्यातलं मधलंच एक काडतूस उचलून त्यातली गोळी उपसते आणि आतली दारू माझ्याच काट्यावर ओतून तोलते. डाव्या हाताने तिला ते नीट धरता येत नाही, थोडी दारू टेबलावर सांडते, वेळ लागतो. मी शेजारी उभा असतो. काटा आधी पुसून ठेवायचा, एवढं एक काम आता माझ्याकडे आहे.